फॉरमॅट मारण्याआधी : बंद पडलेला कॉम्प्युटर उभा करण्याची रीत

खान्देशात कॉम्प्युटर बंद पडण्याचे दोन हंगाम आहेत. पहिला मे-जूनचा. पारा पंचेचाळीसच्या आसपास, आणि दुपार कलली की वादळ सुटून लाईट जाते, येते, पुन्हा जाते. दुसरा दिवाळीनंतरचा, कापूस बाजारात आला की. जिनिंग, वजनकाटे, आडत दुकानं रात्री उशिरापर्यंत चालू असतात आणि कॉम्प्युटरकडे बघायला कुणाला सवड नसते. अशात एक दिवस विंडोज सुरूच होत नाही. दुकानातला माणूस रिपेअरवाल्याला फोन लावतो आणि पलीकडून ठरलेलं उत्तर येतं, "घेऊन या, फॉरमॅट मारून देतो."

फॉरमॅटने कॉम्प्युटर सुरू होतो, हे खरं. पण सी ड्राइव्हवरचं सगळं जातं आणि बिघाडाचं कारण कळतच नाही. कारण तसंच राहिलं की काही दिवसांत तोच डबा पुन्हा त्याच टेबलावर येतो. विंडोज कितीही वेळा टाकता येतं. पाच वर्षांची टॅली, केळीच्या गाड्यांचे हिशेब, सेवा केंद्रात लोकांनी दिलेल्या कागदांचे स्कॅन मात्र एकदा गेले की गेले. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम मोडू नका. आधी नीट बघायचं, मग डेटा बाहेर काढायचा, मग दुरुस्तीला हात घालायचा. फॉरमॅट सगळ्यात शेवटी, आणि तोही जमल्यास दुसऱ्या डिस्कवर.

आपल्याकडच्या दुकानांत आणि ऑफिसांत विंडोजच जास्त, म्हणून लेखाचा भर त्यावर आहे.

पहिली पायरी : हात आवरा आणि पडदा बघा

सुरू होत नाही म्हणून बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. डिस्क आजारी असेल तर प्रत्येक प्रयत्नात ती आणखी खचते. मोबाइलने पडद्याचा फोटो काढा. निळा पडदा काही सेकंदांत निघून जातो, तेव्हा सरळ व्हिडिओच चालू ठेवा. नंतर फोनवर कुणाला विचारायचं झालं तरी हाच फोटो कामाला येतो.

"चालू होत नाही" या तीन शब्दांत वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. बटण दाबल्यावर पंखाही फिरत नसेल तर गोष्ट विजेची, वायरीची किंवा एसएमपीएसची, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्याची, आहे. तिथे फॉरमॅटचा काही संबंधच नाही. पंखा फिरतो पण पडद्यावर काहीच नाही, किंवा बीप वाजतात, तर बहुतेक वेळा रॅमकडे बघावं लागतं. कंपनीचं नाव दिसतं आणि मग काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस सापडत नसल्याची इंग्रजी ओळ येते, तर कॉम्प्युटरला डिस्क दिसत नाहीये. विंडोजचे ठिपके गोल फिरून निळा पडदा आला तर डिस्क दिसते आहे, पण विंडोजला वर येता येत नाही. आणि पासवर्ड टाकून आत गेल्यावर सगळं गोठत असेल तर डिस्क पार भरलेली आहे का, डिस्क मरायला टेकली आहे का, की सुरुवातीलाच चालू होणारा एखादा प्रोग्राम अडवतोय, हे बघायचं.

निळ्या पडद्याच्या खालच्या भागात इंग्रजी कॅपिटल अक्षरांत स्टॉप कोड असतो. तो उतरवून घ्या. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत हा पडदा निळ्याऐवजी काळा झाला आहे, कोड मात्र तिथेही असतो. 'मेमरी मॅनेजमेंट' आला तर आधी रॅमवर संशय घ्यायचा. 'व्हिया अनकरेक्टेबल एरर', म्हणजे १२४ क्रमांकाचा कोड, हा हार्डवेअरच्या बाजूचा इशारा असतो. प्रोसेसरची गरमी आणि वीजपुरवठा बघा. 'एनटीएफएस फाइल सिस्टम' म्हणजे डिस्क किंवा तिच्यावरची मांडणी बिघडलेली. 'इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस', म्हणजे ७बी, याबद्दल पुढच्याच पायरीत सांगतो, कारण या एका कोडापायी जितके फॉरमॅट विनाकारण मारले जातात तितके दुसऱ्या कशापायी मारले जात नसतील.

दुसरी पायरी : खर्च नसलेल्या गोष्टी

मागे लावलेले पेनड्राइव्ह, डोंगल, प्रिंटर, बाहेरची हार्डडिस्क सगळं काढा. फक्त कीबोर्ड, माउस आणि पडदा ठेवून चालू करा. पेनड्राइव्हवरून बूट, म्हणजे सुरू, व्हायचा प्रयत्न करत अडकलेला कॉम्प्युटर एवढ्यानेच सुरू होतो. यूपीएसमधून वायर काढून भिंतीतल्या सॉकेटवर लावून बघा. बॅटरी बसलेला यूपीएस लोड आला की पडतो, आणि दोष कॉम्प्युटरवर येतो. मग वायर काढून डबा उघडा. जिनिंगमधल्या कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवरच्या पंख्यावर रुईचा थर बसतो, नंदुरबारकडे मिरचीच्या आडतीत लाल धूळ. ब्लोअरने ती उडवा, पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा म्हणजे ते वेडंवाकडं फिरणार नाही. रॅमची पट्टी काढा, सोनेरी पिना खोडरबराने हलक्या हाताने पुसा, क्लिकचा आवाज येईपर्यंत परत बसवा. डिस्कची डेटा केबल काढून घट्ट लावा.

आता मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी, सीआर २०३२. कॉम्प्युटर बंद असताना तारीख, वेळ आणि बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रामच्या, सेटिंग्ज ती धरून ठेवते. ती संपली आणि रात्री लाईट गेली की सकाळी दोन गोष्टी होऊ शकतात. तारीख कित्येक वर्षं मागे जाते, त्यामुळे जीएसटीच्या किंवा बँकेच्या साइट सुरक्षिततेची चूक दाखवून उघडत नाहीत. दुसरी गोष्ट जास्त फसवी. बायोस मूळ सेटिंग्जवर जातो आणि डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय की आयडीई की रेड, बदलून बसते. विंडोज ज्या पद्धतीवर टाकलेलं होतं ती राहत नाही आणि ७बीचा निळा पडदा येतो.

धरणगावकडच्या एका जिनिंगमध्ये हे मी अगदी समोर बघितलं. काट्यावरचा कॉम्प्युटर सकाळी निळा पडदा दाखवून परत परत सुरू होत होता. बाहेर कापसाच्या ट्रॅक्टरांची रांग, ड्रायव्हर खाली उतरून खिडकीशी उभे. रिपेअरचा मुलगा विंडोजचा पेनड्राइव्ह लावून फॉरमॅटच्या पडद्यापर्यंत पोहोचला होता. दिवाणजी म्हणाले, "भाऊ, काट्याचं सॉफ्टवेअर ज्याने टाकलं तो धंदा सोडून गेला. ते गेलं तर काटाच बंद." मी बायोसमध्ये जाऊन तारीख बघितली, ती दहा-बारा वर्षं मागची होती. साटाच्या, म्हणजे डिस्कच्या जोडणीच्या, सेटिंगमध्ये आयडीई दिसत होतं. ते एएचसीआय केलं, तारीख बरोबर केली, सेव्ह करून बाहेर पडलो. विंडोज जसंच्या तसं वर आलं. दुकानातून नवी बॅटरी आणून बसवली आणि पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला.

बायोसमध्ये जायला चालू करतानाच डिलीट किंवा एफ२ दाबत राहायचं. सेटिंग बदलण्याआधी मूळ पडद्याचा फोटो काढा, म्हणजे परतीची वाट राहते. तिथे डिस्कचं नावच दिसत नसेल तर केबल किंवा खुद्द डिस्क, या दोघांपैकी एकाचा प्रश्न आहे.

तिसरी पायरी : डेटा बाहेर काढा

डिस्क दिसते आहे पण विंडोज येत नाही, अशा वेळी दुरुस्तीचा कुठलाही पर्याय दाबायच्या आधी ही पायरी करा. दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणं, आणि आजारी डिस्कवर लिहिणं म्हणजे धोका.

कान डिस्कजवळ न्या. टक-टक, खर्र-खर्र असा आवाज येत असेल तर इथेच थांबा, वीज काढा. त्या डिस्कवर अत्यंत महत्त्वाचा डेटा असेल तर ती डेटा रिकव्हरीच्या खास लॅबकडे द्यायची आहे. घरी उघडून बघणं, फ्रीजमध्ये ठेवणं वगैरे ऐकीव उपाय करू नका.

आवाज नसेल तर सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे लिनक्सचा पेनड्राइव्ह. लिनक्स ही विंडोजच्या जागी चालणारी, फुकट मिळणारी व्यवस्था. दुसऱ्या चालू कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबंटू या लिनक्सच्या प्रकारांपैकी एकाची आयएसओ फाइल (आख्खी व्यवस्था एका फाइलीत) उतरवा, ८ जीबी किंवा मोठ्या पेनड्राइव्हवर रुफस नावाच्या फुकट प्रोग्रामने ती टाका. पेनड्राइव्हवर आधी असलेलं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. बंद पडलेल्या कॉम्प्युटरला तो लावा आणि चालू करताना बूट मेनूची कळ दाबा. डेलमध्ये एफ१२, एचपीमध्ये एफ९, लेनोव्होमध्ये बहुधा एफ१२. पेनड्राइव्ह निवडा. पहिल्या पडद्यावर 'ट्राय' म्हणजे वापरून बघा, हा पर्याय घ्या. 'इन्स्टॉल' दाबायचं नाही. दोन-तीन मिनिटांत डेस्कटॉप येतो, आणि फाइल्सच्या खिडकीत तुमच्या सी आणि डी ड्राइव्हची नावं दिसतात. बाहेरची हार्डडिस्क लावा आणि कॉपी करा.

कधी कधी लिनक्स सांगतं की हा ड्राइव्ह फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही. घाबरू नका. विंडोज नीट बंद न झाल्याची ती खूण आहे, आणि आपल्याला वाचायचंच आहे.

काय काय घ्यायचं? लोक 'माय डॉक्युमेंट्स' घेतात आणि थांबतात. डेस्कटॉप, डाउनलोड्स, पिक्चर्स हे सगळं 'युजर्स' फोल्डरमध्ये तुमच्या नावाखाली असतं. ते आख्खं फोल्डर घ्या. टॅलीचा डेटा प्रत्येकाकडे वेगळ्या जागी असतो. जुन्या टॅलीत तो सी ड्राइव्हवरच टॅलीच्या फोल्डरमध्ये 'डेटा' नावाने असतो, टॅलीप्राइममध्ये 'युजर्स'मधल्या 'पब्लिक'मध्ये सापडतो. कंपनी निवडायच्या पडद्यावर हा पाथ लिहिलेला असतो. कॉम्प्युटर धडधाकट असतानाच तो वहीत टिपून ठेवा. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल शोधा. सेवा केंद्रवाल्यांनी स्कॅनरचं फोल्डर विसरू नये, ते बऱ्याचदा भलत्याच ठिकाणी असतं.

लिनक्सचा पेनड्राइव्ह हाताशी नसेल तर विंडोजच्याच दुरुस्तीच्या पडद्यातून एक वाट आहे. तिथे कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत 'नोटपॅड' टाइप करा. नोटपॅडमध्ये फाइल, मग ओपन, खाली 'ऑल फाइल्स' निवडा. ती खिडकी छोट्या फाइल एक्सप्लोररसारखी चालते. फोल्डरवर उजवं क्लिक, कॉपी, आणि पेनड्राइव्हमध्ये जाऊन पेस्ट. थोडा डेटा असेल तर पुरतं.

नवे लॅपटॉप घेतलेल्यांसाठी इथे एक मोठी अडचण आहे, बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की बऱ्याच कॉम्प्युटरांवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. मग एखाद्या दिवशी ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर जगातला कुणीही रिपेअरवाला तो डेटा काढू शकत नाही. ही की त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मोबाइलवरून खात्यात शिरून 'डिव्हाइसेस'मध्ये बघा. दुकानातल्या पोराने लॅपटॉप चालू करून देताना स्वतःच्या नाहीतर भलत्याच ईमेलने खातं उघडलं असेल, तर की त्या खात्यात आहे. आजच तपासा आणि कागदावर लिहून कपाटात ठेवा. की असेल तर नव्या लिनक्समधूनही ड्राइव्ह उघडतो.

कॉपी मध्येच अडकत असेल, एकेका फाइलला मिनिटं लागत असतील, तर डिस्कवर खराब सेक्टर, म्हणजे न वाचता येणाऱ्या जागा, आहेत. अशा वेळी फाइल-फाइल ओढत बसण्याऐवजी आख्ख्या डिस्कची प्रत काढावी लागते. त्यासाठी लिनक्सवरचं 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हे साधन मला सगळ्यात भरवशाचं वाटतं. ते आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उचलतं, अडलेल्या जागा सोडून पुढे जातं, आणि मग त्या अवघड जागांवर परत येतं. कुठवर झालं याची नोंद ते एका मॅप फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे मध्ये लाईट गेली तरी काम तिथूनच पुढे सुरू होतं. नवी डिस्क तेवढीच किंवा मोठी हवी. स्रोत कोणता आणि लक्ष्य कोणतं, हे डिस्कचा मॉडेल नंबर बघून दोनदा ताडून घ्या. उलटं झालं तर रिकामी डिस्क तुमच्या डेटावर लिहिली जाईल. हे काम स्वतः करायची हिंमत नसेल तर रिपेअरवाल्याला स्पष्ट सांगा, "आधी क्लोन काढा, दुरुस्ती क्लोनवर करा."

चुकून पुसलेल्या फाइलींसाठी 'टेस्टडिस्क' आणि 'फोटोरेक' ही फुकट साधनं आहेत. हार्डडिस्कवर ती चांगलं काम करतात. एसएसडीवर, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिप असलेल्या डिस्कवर, मात्र पुसलेल्या जागा ट्रिम नावाच्या प्रक्रियेने लगेच मोकळ्या होतात, तिथे आशा फार कमी असते. दोन्ही बाबतीत, फाइल गेल्याचं कळताच त्या डिस्कवर काही लिहू नका, रिकव्हरीचा प्रोग्रामसुद्धा तिच्यावर टाकू नका.

चौथी पायरी : दुरुस्ती, हलक्यापासून भारीकडे

डेटा हातात आला की डोकं शांत राहतं. आता दुरुस्तीच्या पडद्यावर जायचं. विंडोज लागोपाठ दोन-तीनदा वर येऊ शकलं नाही की हा पडदा आपोआप येतो. आला नाही तर विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बूट करून 'रिपेअर युअर कॉम्प्युटर' निवडा. 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'. इथून पुढे एकेक.

'स्टार्टअप रिपेअर' आधी चालवून बघा. दोनदा अपयश आलं तर त्यात वेळ घालवू नका. कालच अपडेट झालं असेल तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स'. मोठ्या आवृत्तीचं अपडेट मागे घ्यायला विंडोज साधारण १० दिवसांची मुदत देतं, त्यानंतर जुन्या फाइली ते स्वतःच काढून टाकतं. मग 'सिस्टम रिस्टोअर'. याला लोक भितात, पण ते तुमच्या फाइलींना हात लावत नाही; ड्रायव्हर (प्रिंटरसारखे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम), रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगची नोंदवही) आणि प्रोग्राम मागच्या तारखेला नेतं. मात्र रिस्टोअर पॉइंट आधीच घेतलेला असायला हवा, आणि बऱ्याच कॉम्प्युटरांवर हे बंद असतं. सी ड्राइव्हसाठी ते चालू करून ठेवा.

त्यानंतर 'सेफ मोड'. यात विंडोज मोजक्याच ड्रायव्हरांनिशी वर येतं. सेफ मोडमध्ये नीट चालत असेल तर दोष बाहेरच्या ड्रायव्हरचा किंवा प्रोग्रामचा, हे जवळपास पक्कं. नुकताच टाकलेला प्रिंटरचा ड्रायव्हर, दुसरा अँटिव्हायरस, असं काढून बघा.

१९ जुलै २०२४ ला जगभर हेच करावं लागलं होतं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक सदोष फाइल अपडेटमधून गेली, तिचा ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात चालत असल्याने सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर निळ्या पडद्यावर अडकले, आणि आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. कंपनीने फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली, पण आधीच पडलेले कॉम्प्युटर त्याने उठले नाहीत. एकेका मशीनपुढे बसून, सेफ मोडमध्ये जाऊन ती एक फाइल पुसायची, हा उपाय होता. जिथे डिस्क कुलूपबंद होती आणि की सापडत नव्हती, तिथे लोक दिवसभर अडकून पडले. लाखो मशीन बंद पडली, पण या उपायाला फॉरमॅट लागत नव्हता.

विंडोज वर आलं पण अडखळतंय, अशी स्थिती असेल तर ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. आधी डिस्मची 'रिस्टोअर हेल्थ' कमांड, मग एसएफसीची 'स्कॅननाऊ'. डिस्म मूळ फाइलींचं कोठार दुरुस्त करतं आणि एसएफसी त्या कोठारातून बिघडलेल्या फाइली बदलतं, म्हणून हा क्रम. इंटरनेट चालू ठेवा.

'चेकडिस्क' हे नाव सगळ्यांना माहीत असतं आणि तेच सगळ्यात आधी चालवलं जातं. ते तिसऱ्या पायरीनंतरच चालवा. मांडणी दुरुस्त करताना ते तुटलेल्या नोंदी काढून टाकतं, आणि आजारी डिस्कवर त्यात फाइलीही जाऊ शकतात. धडधाकट डिस्कवर, लाईट गेल्यानंतर ते चांगलं काम करतं.

बूटची माहितीच बिघडली असेल तर 'बीसीडीबूट' ती नव्याने लिहितं. दुरुस्तीच्या पडद्यात तुमचा सी ड्राइव्ह डी म्हणून दिसू शकतो, तेव्हा 'विंडोज' नावाचं फोल्डर कुठे आहे ते आधी बघा आणि मग अक्षर टाका.

एवढ्यानेही भागलं नाही तर दोन वाटा उरतात. विंडोज कसंबसं वर येत असेल तर त्याच आवृत्तीची आयएसओ उघडून सेटअप चालवा आणि 'फाइल्स आणि ॲप्स ठेवा' निवडा. टॅली, प्रिंटर, सगळं जागेवर राहून विंडोज नवं होतं. ही वाट फार कमी जण वापरतात आणि ती खरंच उत्तम आहे. वर येतच नसेल तर 'रिसेट धिस पीसी'मध्ये 'कीप माय फाइल्स'. यात प्रोग्राम जातात, आणि सी ड्राइव्हवर मोकळं ठेवलेलं फोल्डर टिकेलच असं धरून चालू नका. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा नवी एसएसडी घेऊन तिच्यावर विंडोज टाका आणि जुनी डिस्क तारीख लिहून काही महिने बाजूला ठेवा. काही राहून गेलं असेल तर ते तिथे सापडतं.

पाचवी पायरी : कारण शोधा

कॉम्प्युटर सुरू झाला की सगळे उठून जातात. पण खरं काम इथे आहे. स्टार्ट मेनूमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाइप केलं की विंडोजचा रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो. रोज काय कोसळलं, काय टाकलं गेलं याचा तो आलेख असतो, १ ते १० असा गुण देऊन. लाल फुली कोणत्या तारखेपासून सुरू झाली आणि त्याच्या आदल्या दिवशी काय टाकलं होतं, हे एका नजरेत दिसतं. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये कर्नल-पॉवर ४१ ही नोंद म्हणजे कॉम्प्युटर नीट बंद न होता पुन्हा सुरू झाला. ती संध्याकाळच्या ठरावीक वेळांना पुन्हा पुन्हा दिसत असेल तर वीज तपासा, विंडोज नव्हे.

डिस्कची तब्येत 'क्रिस्टलडिस्कइन्फो'ने बघा. ०५, सी५ आणि सी६ या खराब सेक्टर मोजणाऱ्या ओळींसमोर शून्यापेक्षा वेगळा आकडा असेल आणि तो आठवड्यागणिक वाढत असेल तर डिस्क बदला, वाट बघू नका. फक्त सी७ वाढत असेल तर बहुधा केबल बदलून भागतं. रॅमसाठी 'मेमटेस्ट८६' रात्रभर चालवा. एक जरी चूक निघाली तरी ती पट्टी काढा, कारण खराब रॅम तुमच्या बॅकअपमध्येसुद्धा चुकीचा डेटा लिहिते.

लाईट गेल्यावर आत काय होतं

विंडोजची एनटीएफएस आणि लिनक्सची एक्स्ट४ या दोन्ही फाइल व्यवस्था जर्नल ठेवतात. मुनीम जसा व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मग खतावणीत नेतो, तसं. मध्येच वीज गेली तर पुन्हा चालू होताना व्यवस्था जर्नल वाचते, अर्धवट राहिलेला बदल पूर्ण करते किंवा रद्द करते. म्हणून आजकाल एका झटक्याने आख्खी डिस्क सहसा कोसळत नाही.

पण जर्नल फोल्डरांची मांडणी सांभाळतं, फाइलीतला मजकूर नाही. टॅलीची फाइल अर्धी लिहिली गेली असेल तर ती अर्धीच राहते. ती दुरुस्त करायची सोय टॅलीच्या आत आहे, आणि ती वापरण्याआधीही डेटा फोल्डरची प्रत काढायची. शिवाय डिस्क स्वतः काही डेटा लिहिण्याआधी आपल्या कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, धरून ठेवते, तो वीज गेली की जातो.

विंडोजमधली 'फास्ट स्टार्टअप' ही सोयही इथे नडते. ती चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद न होता डिस्कवर गोठवून ठेवला जातो. ड्रायव्हर अडकलेला असेल तर तो दुसऱ्या दिवशी तसाच उठतो. रोज बंद करूनही कॉम्प्युटर अडखळतो, अशी तक्रार असेल तर 'रीस्टार्ट' करा, त्यात गाभा खरोखर नव्याने सुरू होतो. वारंवार लाईट जाणाऱ्या ठिकाणी ही सोय मी बंदच ठेवतो; कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये ती सापडते.

पुढच्या हंगामाची तयारी

दुकानात इन्व्हर्टर आहे म्हणून कॉम्प्युटर सुरक्षित, असा समज पक्का बसलेला आहे. कॉम्प्युटरचा एसएमपीएस पूर्ण लोडवर वीज गेल्यानंतर सेकंदाच्या साठाव्या भागापुरता, सुमारे १६ मिलिसेकंद, तग धरेल अशा बेताने बनवलेला असतो. इन्व्हर्टरने त्याहून जास्त वेळ घेतला की कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो. बहुतेक घरगुती इन्व्हर्टरच्या मागे नॉर्मल आणि यूपीएस अशी एक कळ असते. ती यूपीएसवर करा. तेवढ्याने फरक पडतो. तरीही महत्त्वाच्या कॉम्प्युटरला स्वतःचा यूपीएस हवाच. वर्षातून दोनदा, काही काम उघडं नसताना, यूपीएसची भिंतीतली वायर काढून बघा किती मिनिटं टिकतो. मेच्या उकाड्यात बॅटरी लवकर मरते, म्हणून ही तपासणी एप्रिलमध्ये आणि दिवाळीआधी. जिथे गावठाणाचं आणि शेतीपंपांचं फीडर वेगळं नाही तिथे पंप चालू झाले की व्होल्टेज खाली येतं, तिथे लाइन-इंटरॲक्टिव्ह यूपीएस घ्या, तो कमी-जास्त व्होल्टेज बॅटरीवर न जाता सावरतो. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या.

बॅकअपचा नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या जागी. दुकानाच्या बाबतीत म्हणजे कॉम्प्युटरवरचा मूळ डेटा, रोज संध्याकाळी बाहेरच्या हार्डडिस्कवर, आणि एक प्रत क्लाउडवर किंवा घरी. बाहेरची हार्डडिस्क कॉपी झाली की काढून ठेवायची. ती लावलेलीच राहिली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडवून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही कुलूप घालतं आणि विजेचा झटका तिलाही लागतो. दोन हार्डडिस्क आलटून पालटून वापरल्या तर आणखी चांगलं. कपाटात वर्षानुवर्षे ठेवायच्या प्रतीसाठी एसएसडी किंवा पेनड्राइव्ह वापरू नका. वीज न मिळता, त्यात उष्णतेत, त्यांतला चार्ज हळूहळू उतरतो. हार्डडिस्क बरी.

काट्यासारख्या ठिकाणी, जिथे सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला माणूसच उरलेला नाही, तिथे फाइलींचा बॅकअप पुरत नाही. 'क्लोनझिला'ने आख्ख्या डिस्कची इमेज काढून ठेवा. डिस्क मेली तर नव्या डिस्कवर इमेज टाकून तासाभरात काटा चालू होतो. हंगामाआधी एक, हंगामानंतर एक.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. चालायला ते चालतं, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप येत नाहीत. बँक आणि जीएसटीचं काम ज्यावर होतं तो कॉम्प्युटर आधी बदला. जुन्या मशीनवर विंडोज ११ चालत नसेल आणि काम ब्राउझरपुरतं असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा. त्यातलं 'टाइमशिफ्ट' तसं लावून ठेवलं तर दर आठवड्याला व्यवस्थेचा स्नॅपशॉट घेतं, अपडेट बिघडलं तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून मागच्या स्नॅपशॉटवर जाता येतं. टॅलीवाल्यांनी आधी टॅली त्यावर चालेल का हे बघावं. आणि क्रॅक केलेल्या विंडोजचे ॲक्टिव्हेटर अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, ते कुठल्याही हिशेबाच्या कॉम्प्युटरवर नकोत.

या सगळ्यात माणसाचा हात केवढा मोठा असतो, याचा एक जुना पुरावा आहे. टँडम कंपनीत असलेल्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये, बंद पडू नयेत म्हणूनच बनवलेल्या कॉम्प्युटरांच्या बिघाडांची छाननी केली. ४२ टक्के बिघाड देखभाल, सेटिंग आणि चालवणाऱ्यांच्या कामातून आलेले होते, हार्डवेअरमुळे आलेले १८ टक्के. म्हणून दुकानात कॉम्प्युटरला हात कुणी लावायचा, हे ठरलेलं असावं. ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एका-दोघांकडे, बाकीच्यांना साधं खातं.

शेवटचं काम आजच करता येईल. एका कागदावर लिहा: टॅली डेटाचा पाथ, बिटलॉकरची की कुठल्या खात्यात आहे, बायोसमधली साटाची पद्धत, विंडोजची आवृत्ती, शेवटचा बॅकअप कधी आणि कशावर. त्या कागदासोबत विंडोज आणि लिनक्सचे दोन पेनड्राइव्ह एका पाकिटात घालून गल्ल्याच्या खणात ठेवा. मग एखाद्या निवांत दुपारी दुसरा कॉम्प्युटर घ्या, बॅकअपमधली टॅली कंपनी त्यावर उघडा, आणि कालच्या तारखेची शेवटची नोंद दिसते का ते बघा. दिसली नाही तर बॅकअप घेणाऱ्याला त्याच दिवशी बसवून चूक कुठे आहे ते शोधा.